बाशिंग, कॉलर आणि म्हसळ्याची ट्रेडल

कोकण रेल्वेने माणगावला उतरायचं, रिक्षाने एसटी स्टँड गाठायचा आणि श्रीवर्धनची गाडी धरायची. मोर्बे, साई मागे पडलं की घोणसे घाटाची वळणं लागतात. एप्रिलच्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, मधूनच एखादं काजूचं झाड बोंडांनी लगडलेलं दिसतं, आणि गाडीत मुंबईहून आलेले चाकरमानी खच्चून भरलेले असतात. लग्नसराईतली गाडी ओळखायला वेळ लागत नाही. मांडीवर साड्यांचे खोके, पायाशी भांड्यांची गोणी, आणि कुणाच्या तरी हातात उंच धरलेली एक फुगीर पिशवी. तिला धक्का लागू नये म्हणून आजूबाजूचे सगळे अंग चोरून बसतात. त्या पिशवीत बाशिंगं असतात.

मी म्हसळ्याला गेले ती बाशिंगांसाठीच. नेमकं सांगायचं तर बाशिंगाच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यासाठी. कागदाच्या कामाची अवजारं बघत हिंडायचा मला नाद आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि युरोपात कागदाच्या कॉलरी, कागदाचे कफ आणि शर्टावर लावायच्या कागदाच्या छात्या तयार करणारी यंत्रं उभी राहिली होती. एकदा घालायचं, मळलं की टाकून द्यायचं. त्या यंत्रांविषयी वाचताना मनात येत राहिलं, की अंगावर एकदाच मिरवायचा कागद आपल्याकडेही आहे आणि तो आपण थेट कपाळावर बांधतो. मग तो कापतात कशाने? म्हसळ्याच्या बाजारात बाशिंगं अजून हाताने बनतात आणि तिथल्या एका छापखान्यात पायाने चालवायची ट्रेडल अजून चालू आहे, एवढा पत्ता लागल्यावर मी निघाले.

म्हसळा हे रायगड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जंजिऱ्याच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळणारी राजपुरीची खाडी आत शिरत शिरत जिथे आटत येते, तिथे ते वसलं आहे. संस्थानं विलीन झाली त्या १९४८ सालापर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा होता. आज इथून पुढे श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरला जाणारे पर्यटक गाडीच्या काचेतूनच म्हसळा पाहतात आणि पुढे जातात. त्यांचं नुकसान होतं असं माझं मत आहे. आसपासच्या वाड्यांवरचे कुणबी, खाडीकाठचे कोळी, आगरी, गवळी आणि गावातले कोकणी मुसलमान अशा सगळ्यांचा हा बाजार आहे. लग्नसराईत एकाच दुकानाच्या दांडीवर एका बाजूला बाशिंगं आणि मुंडावळ्या आणि दुसऱ्या बाजूला जरीचे सेहरे लटकलेले दिसतात. दोन्ही गिऱ्हाइकं शेजारी उभी राहून सारखाच भाव करत असतात.

मी ज्या दुकानात थांबले तिथे मागच्या पडवीत सासू आणि सून बाशिंगं बांधत बसल्या होत्या. सून म्हणाली, “बसा ताई, पण पंखा लावायला सांगू नका.” पंखा लावला की बेगड उडते. एप्रिलच्या उकाड्यात, दारं लोटून, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून खांद्यावर फडकी टाकून त्या दोघी काम करत होत्या.

बाशिंगाची रचना तशी साधी आहे. मागे पुठ्ठा. त्यावर रंगीत कागद चिकटवलेला. त्याच्यावर बेगडीची पानं, फुलं, आरशाच्या टिकल्या, मण्यांच्या ओळी. मधोमध उंच तुरा, दोन्ही कडांना झिरमिळ्या आणि टोकांना बांधायच्या नाड्या. पूर्वी यात भेंडाचं काम पुष्कळ असे. भेंड ही पाणथळीत वाढणारी वनस्पती. तिचा गाभा पांढराशुभ्र आणि अगदी हलका. धारदार सुरीने त्याचे पातळ पापुद्रे काढून फुलं करत. बेगड म्हणजे पूर्वी कथलाचा पातळ पत्रा होता, आता प्लास्टिकच्या पापुद्र्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा असतो. सामान बदललं, पण चिकटवायची खळ बदललेली नाही. मैदा पाण्यात शिजवायचा आणि त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळं आणि वाळवी लागत नाही. जुने बुकबाईंडरही हेच करत.

मी सासूबाईंचे हात बघत राहिले. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला त्या कात्रीने बोटाच्या पेराएवढे काप देत होत्या, एकाशेजारी एक, आणि मग ती कड अंगठ्याने आतल्या बाजूला वाकवत होत्या. काप दिलेले तुकडे एकमेकांवर थोडे चढत आणि सपाट पुठ्ठ्याला हळूहळू गोलाई येई. त्यावर आतून मऊ कापडाची पट्टी चिकटवली की कपाळाला टोचत नाही.

“हे काप कशाला?” मी विचारलं.

“कपाळ सपाट नसतं ना,” त्या म्हणाल्या. “सरळ पट्टी बांधली तर मध्ये फुगते नि कानाशी चावते.”

हे वाक्य मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. कारण नेमक्या याच अडचणीवर १८६३ साली अमेरिकेत एक पेटंट निघालं होतं आणि त्यावरून वर्षानुवर्षं खटले चालले होते. त्याकडे येतेच, पण आधी पुठ्ठ्याचं बघू.

पुठ्ठा पूर्वी घरातच कात्रीने कापत. एका नमुन्यावरून पेन्सिलीने आखायचं आणि कापत बसायचं. हाताला घट्टे पडत. आता दोन गल्ल्या पलीकडच्या छापखान्यातून डाय मारून आणतात. सून मला तिकडे घेऊन गेली.

छापखाना छोटा. पुढे लग्नपत्रिकांचे नमुने, मागे मशीन. पत्रिकांची रंगीत छपाई आता बाहेरच्या ऑफसेटवर होते, पण पावतीपुस्तकांना नंबर घालणं, घडीची रेघ पाडणं आणि डाय मारणं ही कामं ट्रेडलवर होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत ट्रेडल अशाच कामांवर तगून आहे. छापखान्याचे काका साठीच्या पुढचे. त्यांनी शाईचे रूळ काढून बाजूला ठेवले होते, कारण डाय मारताना शाईचं काम नसतं.

ही डाय हातात घेऊन बघण्यासारखी असते. जाड प्लायवूडच्या फळीत बाशिंगाच्या आकाराची चीर पाडलेली असते आणि त्या चिरेत पोलादी पट्टी वाकवून ठोकून बसवलेली. पट्टी जेमतेम २४ मिलिमीटर उंच, वरची कड पात्यासारखी धारदार. जिथे कापायचं नाही, नुसती दुमड पाडायची, तिथे बोथट कडेची आणि किंचित बुटकी पट्टी. पात्याच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवलेले असतात; दाब सुटला की ते उसळतात आणि पुठ्ठा पात्यात अडकून न राहता बाहेर ढकलला जातो. रबर नसेल तर प्रत्येक पुठ्ठा नखाने उचकटावा लागेल.

ही फळी लोखंडी चौकटीत आवळून ट्रेडलच्या उभ्या पाटावर बसवतात. समोर दुसरा जाड लोखंडी पाट. काकांनी चाकाला हाताने पहिला झोका दिला आणि पायाने खालची पट्टी दाबायला सुरुवात केली. दोन्ही पाट मगरीच्या जबड्यासारखे उघडत आणि मिटत. उघडले की डाव्या हाताने कापलेला पुठ्ठा काढायचा, उजव्या हाताने कोरा सरकवायचा, आणि मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. चूक झालीच तर हँडल ओढून पाट एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. मिटताना एक दबका ठोका ऐकू येतो आणि पुठ्ठ्यावर बाशिंगाची कड उमटलेली असते, शेवटच्या धाग्याएवढी जोडून राहिलेली. ती अंगठ्याने दाबली की सुटते.

“नजर हातावर आणि कान चाकावर,” काका म्हणाले. ठोक्याचा आवाज बदलला की पातं बोथट झालं किंवा मागचा दाब हलला, हे त्यांना न बघता कळतं.

या यंत्राची कुळी मोठी आहे. न्यू यॉर्कच्या जॉर्ज फिनियास गॉर्डन या छपाईवाल्याने १८५० च्या दशकात पायाने चालणाऱ्या, दोन पाटांच्या छोट्या छपाईयंत्राला रूप दिलं. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्याला स्वप्नात येऊन ही रचना सांगितली, असं तो म्हणे. त्याच्या नमुन्यावर पुढे अनेक कारखान्यांनी यंत्रं काढली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे तिचं नाव ट्रेडल पडलं आणि लग्नपत्रिका, हँडबिलं, कीर्तनाच्या जाहिराती तिच्यावरच छापल्या गेल्या. कागदी कॉलर आणि गॉर्डनचं यंत्र एकाच दशकातली, जवळजवळ एकाच शहरातली अपत्यं आहेत. म्हणून म्हसळ्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत उभं राहून कॉलरींचा कारखाना मला जेवढा स्वच्छ दिसला तेवढा कुठल्या पुस्तकातून दिसला नव्हता.

कॉलर शर्टापासून वेगळी झाली ती ट्रॉय नावाच्या गावी. हडसन नदीकाठचं हे गाव न्यू यॉर्क राज्यात आहे. १८२७ च्या सुमारास तिथल्या हॅना लॉर्ड मॉन्टेग्यू या बाईने नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरी कापून काढल्या, असं सांगतात. शर्ट स्वच्छ असे, मळत असे फक्त कॉलर; मग रोज अख्खा शर्ट का धुवायचा? कॉलर धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून पुन्हा नाडीने बांधायची. शेजारणींनी तेच केलं, दुकानदारांनी कॉलरी शिवून घेऊन विकायला काढल्या, आणि बघता बघता ट्रॉय हे कॉलरींचं गाव झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा कॉलरींपैकी नऊ ट्रॉयच्या असत.

पण कॉलर वेगळी झाली तरी धुणं उरलंच. ते धुणंच काढून टाकायची कल्पना वॉल्टर हंट या खटपट्या माणसाची. आपण रोज वापरतो ती सेफ्टी पिन त्याचीच, १८४९ सालची. १८५४ साली त्याने कागदी कॉलरीचं पेटंट घेतलं. पातळ मलमल मध्ये, तिला कागद चिकटवलेला आणि वरून पांढरा चकचकीत लेप, म्हणजे घामाने कागद भिजू नये. गंमत पाहा, त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी नानाभाई दावर कापडाच्या गिरणीची कंपनी उभी करत होते. इकडे कापड यंत्रावर चढत होतं आणि तिकडे कापडाची जागा कागद घेऊ बघत होता.

कागदी कॉलर तयार करण्याची रीत अशी होती. आधी कागद आणि मलमल खळीने जोडून, रुळांमधून दाबून एकजीव करायची. मग त्यावर पांढरा लेप देऊन रुळांखाली घोटायचं, इतकं की खळ दिलेल्या लिननची झळाळी यावी. मग नक्षीच्या साच्यांत दाबून त्यावर कापडाच्या विणीचा भास उमटवायचा, कडेने खोट्या शिवणीचे टाके उठवायचे. टाक्याला दोरा नाही, नुसते उंचवटे; पण हातभर अंतरावरून शिवण खरी वाटे. पुढे कागदांची चळत रचून तिच्यावर पोलादी साचा ठेवायचा आणि यंत्राने दाबायचा. बुटांचे तळ कापायला जसे बंद कडेचे साचे वापरत, तसेच हे. एका दाबात चळतीतल्या सगळ्या कॉलरी सुटत. मग बटणांची भोकं पाडायची, एक मागे आणि दोन पुढे. मग दुमड, मग गळ्याची गोलाई, आणि शेवटी गोल डबीत रचणं. कापणं, उठवणं, भोक पाडणं हे सगळं दाबाचं काम. सुई-दोऱ्याला त्यात जागाच नव्हती. ट्रेडलवर काकांचा पाय खाली जात होता तोही त्याच दाबासाठी.

दोन ठिकाणी मात्र अडत होतं आणि या दोन अडचणी मला साऱ्या कथेत सर्वांत मोलाच्या वाटतात.

पहिली कागदाची. साधा कागद बटणाच्या भोकाशी फाटे आणि दुमडीवर तडके. १८६३ साली अँड्र्यू इव्हान्सने लांब धाग्याच्या कागदाची कॉलर अशी मांडणी करून पेटंट घेतलं. कागदातले तंतू लांब असले की ते एकमेकांत गुंतून राहतात आणि कागद चिवट होतो. आपल्या जुन्नरच्या कागद्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. जुनी गोणपाटं, दोरखंड कुटून ते लगदा करत आणि वाळलेला कागद दगडाने घोटत. त्यामुळेच जुन्नरी कागदावरची पेशवाईतली दप्तरं आजही उलगडता येतात.

दुसरी अडचण दुमडीची, म्हणजे आमच्या सासूबाईंची. कागदाची लांब पट्टी घ्या, मधोमध सरळ रेषेत दुमडा आणि गळ्याभोवती गोल करून पाहा. बाहेरच्या पदराला आतल्यापेक्षा मोठा घेर हवा असतो, पण त्याची लांबी तर तेवढीच. मग तो आतल्या पदराला घट्ट चिकटतो, दुमड ताणली जाते आणि मधून टाय सरकवायला जागाच राहत नाही. कापड असं ताणलं तर थोडं सैलावतं, कागद सैलावत नाही. बोस्टनच्या सॉलोमन ग्रेने १८६३ मध्येच यावर तोड काढली. त्याने दुमडीची रेषाच वाकडी घेतली. वक्र रेषेवर दुमडलेला पदर आपोआप बाहेर फाकतो, टायला वाट मिळते आणि कागद तडकत नाही. वक्र रेषेवर न सुरकुतता कागद दुमडायचा तर त्याला खास साचे लागतात. त्या साच्यांची यंत्रं हा या धंद्याचा खरा गाभा होता. सासूबाई काप देऊन जे साधतात ते ग्रेने रेष वाकवून साधलं.

या दोन पेटंटांवर हक्क सांगणाऱ्या युनियन पेपर कॉलर कंपनीने इतर कारखानदारांना कोर्टात खेचलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८७४ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. असा कागद आधीपासून माहीत होता, अशा दुमडी आधीपासून घालत होते. माल बाजारात नवा असेल, पण म्हणून तो शोध ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. मला तो निकाल योग्य वाटतो. यंत्राच्या नव्या युक्तीला मान मिळावाच, पण कपाळ आणि गळा गोल असतात हे ज्ञान कुणा एकाच्या मालकीचं होऊ शकत नाही.

कागदी कॉलरींची खरी भरभराट झाली ती अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडचा कापूस अडकला, कापड महागलं आणि कागदाला बरकत आली. याच युद्धाने मुंबईचं नशीबही फिरवलं. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून सोन्याच्या भावाने गेला, शेअरांचा सट्टा बोकाळला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळं कोसळलं. मुंबईच्या पेढ्यांना कुलुपं लागली. बोस्टन-न्यू यॉर्कच्या कागदी कॉलरींचे साचे मात्र चालूच राहिले, कारण तोवर लोकांना सवय लागली होती.

या सवयीची किंमत कुणी मोजली हेही बघायला हवं. कापडी कॉलरी धुणाऱ्या ट्रॉयच्या धुलाईघरांत शेकडो बायका काम करत, त्यांत आयर्लंडहून आलेल्या पुष्कळ. उकळतं पाणी, रंग उडवायची रसायनं, गरम खळ, लोखंडी इस्त्र्या. दिवसाला बारा ते चौदा तास काम आणि आठवड्याला दोन-तीन डॉलर मजुरी. फेब्रुवारी १८६४ मध्ये केट मुलानी या तरुणीने तीनशेच्या आसपास बायकांना एकत्र करून संघटना उभी केली, संप पुकारला आणि आठवड्याभरात २५ टक्के मजुरीवाढ मिळवली. अमेरिकेतली बायकांची पहिली टिकाऊ कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. १८६९ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा मात्र कारखानदार एकवटले, आणि लिननची कॉलर महागली तर गिऱ्हाईक कागदाकडे वळेल हा धाक डोक्यावर होताच. तो संप मोडला. बायकांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढून पाहिला, तोही टिकला नाही.

कागदी कॉलरीचं मला कौतुक आहे. तिने घरोघरच्या बायकांच्या डोक्यावरचं खळ-इस्त्रीचं ओझं उतरवलं, आणि धुलाईचे पैसे परवडत नसलेल्या कारकुनाला, शाळामास्तरला, विक्रेत्याला पांढऱ्या गळ्याने बाहेर पडता आलं. पण तीच कॉलर धुलाईघरातल्या बाईच्या हातातलं एकमेव हत्यार बोथट करायला उपयोगी पडली. कष्ट वाचवणारं यंत्र नेमके कुणाचे कष्ट वाचवतं आणि कुणाची रोजी घालवतं, हे कॉलरीच्या डबीवर कुठेच छापलेलं नव्हतं.

युरोपात हा धंदा लाइपझिगला रुजला. एर्न्स्ट माय याने १८६७ मध्ये पॅरिसला कागदी कॉलरींचा उद्योग सुरू केला आणि फ्रान्स-जर्मनी युद्ध पेटल्यावर १८७० मध्ये लाइपझिगला येऊन एडलिख याच्या भागीदारीत कारखाना थाटला. कॉलर संपली की डबी पुन्हा मागवायची, म्हणजे टपालाने विक्री आलीच. १८८६ मध्ये त्यांनी चित्रांची सूचीच छापली. सतत संपणारी वस्तू विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा पत्ता सांभाळून ठेवतो, तो असा.

पुढे सेल्युलॉइड आलं. ओल्या फडक्याने पुसली की कॉलर स्वच्छ. पण ते भलतंच ज्वालाग्राही. पहिल्या महायुद्धानंतर मऊ, शर्टालाच शिवलेल्या कॉलरी रूढ झाल्या आणि सुट्या कॉलरींचा जमाना ओसरला. ट्रॉयच्या क्लूएट-पीबडी कंपनीला नवी वाट शोधावी लागली. शिवलेली कॉलर धुतल्यावर आटली तर शर्ट वाया जातो. त्या घराण्यातल्या सॅनफर्ड क्लूएटने कापड शिवण्याआधीच यंत्रावर आटवून घ्यायची रीत काढली आणि १९३० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. आपल्या गिरण्यांच्या कापडावर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असे, तो याच सॅनफर्डच्या नावावरून. कोकणातली हजारो माणसं लालबाग-परळच्या गिरण्यांत राबली. गणपतीला गावी येताना त्यांनी आणलेल्या शर्टपीसवर तो शिक्का होता. म्हणजे ट्रॉयच्या कॉलरीचा धागा घोणसे घाट चढून म्हसळ्यापर्यंत कधीच पोचला होता.

हे सगळं मी काकांना जमेल तसं सांगितलं. त्यांना सर्वांत पटली ती खोट्या टाक्यांची गोष्ट. त्यांनी खणातून एक जुनी पितळी पट्टी काढली. तिच्यावर बारीक ठिपक्यांची ओळ होती. पावत्या फाडायला टोचे पाडायची ती पट्टी. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यांनी ती जरा कमी दाबाने मारून दाखवली आणि कडेने टाक्यांची ओळ उठली. पुठ्ठा फाटला नाही, नुसता शिवल्यासारखा दिसू लागला. सुनेने तो तुकडा उचलला आणि बाशिंगाला अशी कड दिली तर वर मण्यांची एक ओळ कमी लावावी लागेल, असा हिशेब तिथेच मांडला. सासूबाईंना पडवीत दाखवला तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाली काढला, “बाशिंगाला शिवण कशाला दाखवायची? कागद आहे तर कागद दिसू दे.”

मला वाटतं कॉलर आणि बाशिंगातला फरक इतकाच आणि एवढा मोठा आहे. कागदी कॉलरीची सगळी यंत्रं कागदाने लिनन दिसावं म्हणून राबत होती. बाशिंगाचा कागद कागदच असतो; तो झगमगतो, पण दुसरं काही असल्याचं सांगत नाही. कॉलर टाकून द्यायची कारण ती मळली. बाशिंग उतरवतात कारण त्याचं काम झालं. लग्न लागल्यावर काही घरांत ते आढ्याला बांधून ठेवतात, काही ठिकाणी वाहत्या पाण्यात सोडतात. पाण्यात सोडायचं असेल तर मात्र आता प्लास्टिकची बेगड नि थर्माकोल नको, हे मी सुनेला म्हटलं. तिने भेंड कुठे मिळेल असं उलट मला विचारलं. रंगीत कागद मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर हवा तेवढा मिळतो. भेंडाची जुडी मात्र आता शोधावी लागते.

काळजीच्या गोष्टी इतरही आहेत. मुंबईहून तयार बाशिंगं येतात, तीही दिसायला वाईट नसतात आणि स्वस्त पडतात. नवरदेव फेटा भाड्याने आणतात आणि बाशिंग फोटोपुरतं बांधतात. पावसाळ्यात हे काम होतच नाही. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, खळ वाळत नाही, बुरशी धरते. म्हणून तुळशीच्या लग्नानंतर हात चालू होतात आणि मृगाच्या आत आवरावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा म्हसळ्यातल्या घरांची छपरं उडाली. कागदाचा धंदा करणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर जातं तेव्हा मालातलं काही म्हणजे काहीच वाचत नाही. तरी पुढच्या हंगामाला सासूबाई पुन्हा कात्री घेऊन बसल्या.

जायचं असेल तर होळी ते मे अखेर हा काळ धरा. माणगावहून सकाळची गाडी घेतलीत तर दुपारच्या जेवणापर्यंत बाजार पाहून होतो. खाडीची मासळी ताजी मिळते. बाशिंग विकत घेणार असाल तर नाड्या धरून उचला, तुऱ्याला हात लावू नका आणि आतली बाजू बघा: काप एकसारखे आणि कापडाची पट्टी नीट बसलेली असेल तर ते हाताने, कपाळाचा विचार करून बनवलेलं आहे. छापखान्यात ट्रेडल बघायची असेल तर आधी विचारा आणि चालू यंत्राच्या चाकाच्या बाजूला उभे राहू नका. काकांनी पुढच्या हंगामासाठी नवी डाय करायला टाकली आहे. तिच्यात खालच्या कडेचे काप आधीच पाडलेले असतील, म्हणजे सासूबाईंच्या अंगठ्याला तेवढाच आराम. त्या कापांची रेष सरळ ठेवायची की किंचित वाकडी घ्यायची, यावर मी निघाले तेव्हा काका आणि सासूबाई यांचं एकमत व्हायचं होतं.